नाल्याकडचे साग

कामिनीला ते काम सुशीलनेच मिळवून दिलं होतं. पुढे वर्षभर त्याला सगळ्यात जास्त डाचत राहिलं ते हेच.

सुशील नागपूरजवळच्या बुटीबोरीत एका कंपनीत होता. कापड रंगवण्याच्या मशिनींमध्ये आणि बॉयलरमध्ये बसवायचे तापमानाचे सेन्सर तिथे बनत. खापा गावच्या शेतकरी घरातला हा मुलगा पॉलिटेक्निक करून नागपूरला आला आणि हाताच्या जोरावर वर चढला. केसाएवढ्या तारेला तो असा जोड देई की बघणाऱ्याला जोड सापडू नये. कंपनीत काही अडलं की "सुशीलभाऊंना बोलवा" हे ठरलेलं. गावी गेला की लोक बंद पडलेल्या मोटरी आणि मिक्सर घेऊन दारात येत, आणि त्याची आई भागीरथाबाई सगळ्यांना चहा पाजताना पोराकडे बघत बसे. आपण घरातले हुशार, हे सुशीलला कोणी सांगावं लागत नव्हतं.

अशात विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने त्याच्या कंपनीशी मिळून एक प्रकल्प हाती घेतला. विभागाच्या भैरवी मॅडम स्वतः कारखान्यात आल्या होत्या. त्यांनी कामगारांच्या कॅन्टीनमध्येच बसून सगळं समजावलं.

"झाड आजारी आहे हे पानांवरून कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो," त्या म्हणाल्या. "पण त्याआधी ते पाणी कमी प्यायला लागतं. कुठलं झाड किती पाणी वर ओढतंय हे रोजच्या रोज कळलं, तर वनखात्याला वेळेत हातपाय हलवता येतील. तुमच्याकडे तापमान मोजायची विद्या आहे. तिच्यातूनच हे जमेल असं मला वाटतं."

खोडात दोन सुया खुपसायच्या. एक किंचित तापवायची, दुसरी तशीच ठेवायची. खोडातून पाणी जोरात चढत असेल तर तापलेली सुई लवकर निवते, पाणी मंदावलं की ती तापलेलीच राहते. एवढं ऐकल्यावर सुशीलने चहाच्या कपाखालचा कागद ओढून त्यावर आकृती काढायला घेतली. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "झालं, आमचा इंजिनिअर मिळाला."

खाप्याकडच्या सागाच्या जंगलात यंत्रं बसवायचं ठरलं. आता दर आठवड्याला जंगलात जाऊन पानं, साल, कीड, जमीन बघणारं आणि ते यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहणारं माणूस हवं होतं. मॅडमनी विचारलं तेव्हा सुशील पटकन बोलून गेला, "माझी बायको बीएस्सी आहे, मॅडम. बॉटनीच. घरीच असते." घरात पडून असलेली जास्तीची खुर्ची शेजाऱ्याला देऊ करावी, तसा त्याचा सूर होता.

कामिनी नागपूरच्या महाल भागातली. वडील कलेक्टर कचेरीत कारकून, घरात शिक्षणाचं वारं. एमएस्सीला प्रवेश घेतला होता, पण लग्न ठरलं आणि राहिलं. मग नूपुर झाली, तिचं आजारपण, तिची शाळा. आता नूपुर नववीत होती आणि कामिनीला दुपार खायला उठत असे. सुशीलने कामाचं सांगितलं तेव्हा ती पोळी लाटता लाटता थांबली.

"मला जमेल?"

"काहून नाही जमणार? मी हाओ ना," तो म्हणाला. "मी सांगत जाईन तुले."

पहिले काही आठवडे तो खरोखरच सांगत होता. सुई किती खोल जाते, तार कुठून न्यायची, झाडांच्या मधोमध खांबावर लावलेल्या डब्यात आकडे कसे साठतात. कामिनी लक्ष देऊन ऐके, चुकली की पुन्हा विचारी. सुशीलला ते दिवस आवडले. जीपमध्ये तो पुढे बसे आणि मागे वळून तिला काही ना काही समजावत राही.

हे कधी बदललं ते त्याला नेमकं सांगता आलं नसतं. एके दिवशी तो शिडीवर चढून तार बांधत होता आणि खाली कामिनी ऋषिकेशशी बोलत होती. ऋषिकेश म्हणजे भैरवी मॅडमचा पीएचडीचा विद्यार्थी, आकड्यांचे आलेख काढणारा. कुठल्याशा अळीबद्दल ती दोघं बोलत होती. ती सागाचं पान खाते पण शिरा तेवढ्या सोडते, पानाची जाळी करून टाकते. कामिनीने तिचं शास्त्रीय नाव सांगितलं. कॉलेजमधलं नाव इतक्या वर्षांनी जसंच्या तसं तोंडात आलं म्हणून तिचं तिलाच हसू आलं. ती मोकळेपणी, मान मागे टाकून हसली. सुशील शिडीवर तसाच थांबला. हे हसणं त्याने लग्नाच्या आधी, बघण्याच्या कार्यक्रमानंतर एकदा पाहिलं होतं. घरात नाही.

ऋषिकेशचा हेवा वाटला असता तर बरं झालं असतं, कारण त्याचं काय करायचं ते नवऱ्याला माहीत असतं. पण ऋषिकेश तिला "ताई" म्हणे, स्वतःच्या लग्नासाठी साडीचा रंग तिला विचारी. सुशीलला हेवा वाटत होता तो कामिनीचाच. ती जिथे जाऊन बसली होती, तिथे त्याला बोलावणं नव्हतं. त्याच्या शेजारून उठून, त्याच्याच हाताला धरून, ती पुढच्या खोलीत गेली होती आणि तिथल्या लोकांनी दार लावून घेतलं होतं.

मग छोट्या छोट्या गोष्टी बोचू लागल्या. जीपमध्ये पुढे बसलेल्या भैरवी मॅडम मागे वळून बोलायच्या त्या कामिनीशी. बैठकीत तिने तोंड उघडलं की ऋषिकेश लिहून घेई. सुशील बोलला की सगळे मान डोलवत, आणि विषय "म्हणजे यंत्र चालू आहे ना?" एवढ्यावर संपे. घरी ती भाजी फोडणीला टाकतानाही झाडांबद्दल बोलायची. नाल्याकडचे साग, टेकडीवरचे साग, जणू दोन घरची माणसं. नूपुर ऐकत राहायची. पूर्वी नूपुर बापाच्या कारखान्यातल्या गोष्टी ऐकायची.

गणपतीत सुशील आणि कामिनी खाप्याला गेली. भागीरथाबाईंनी देवघरामागून घडी घातलेलं वर्तमानपत्र काढलं. प्रकल्पाची बातमी होती. फोटोत कामिनी सागाच्या खोडाला हात लावून उभी होती. खाली तिचं नाव, मॅडमचं नाव. सुशील फोटोत होता, पण पाठमोरा, डब्यात डोकं घालून. त्याचं नाव नव्हतं.

"सूनबाईचं नाव आलं पाय पेपरात," आई म्हणाली. "आख्ख्या मोहल्ल्यानं पाह्यलं. अन् हा मागं कोन उभा हाय?"

"मीच हाओ वं माय," सुशील म्हणाला.

भागीरथाबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. "हाव का? चेहराच नाही दिसून राह्यला."

कामिनी लगेच म्हणाली, "आई, सगळी यंत्रं ह्यांनीच बनवली आहेत." ती मनापासून म्हणाली. सुशीलला तेच जास्त लागलं. बायकोने आपली बाजू सावरावी, ही वेळ आली होती.

नवरात्र सरता सरता ती बैठक झाली. पडद्यावर ऋषिकेशने आलेख लावले होते. कामिनी उठून पडद्याजवळ गेली.

"नाल्याकडची झाडं बघा, मॅडम. टेकडीवरच्यांपेक्षा हळूहळू कमी पाणी ओढून राहिलीत. पानं हिरवी आहेत, कीड नाही. नाल्यात तर पाणी भरपूर आहे. तरी पित नाहीत. मला वाटतं मुळांना काहीतरी होऊन राहिलंय."

भैरवी मॅडम चष्मा काढून पुढे झाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते सुशीलने नीट पाहिलं. त्याने कॅन्टीनमध्ये कागदावर आकृती काढली होती तेव्हा त्या ह्याच चेहऱ्याने त्याच्याकडे बघत होत्या.

"तो डबा खराब असू शकते, मॅडम," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "नाल्याकडे दमट राहते. आत ओल गेली तर आकडे असेच उतरतात."

"शक्य आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही तपासून या. यंत्र ठीक असेल तर आपण लगेच मुळं उकरून बघू."

तो दुसऱ्याच दिवशी एकटा मोटरसायकलने गेला. कामिनीला सांगितलं, कंपनीचं काम आहे, परस्पर जाऊन येतो. वाटेत त्याच्या ध्यानात आलं की आपण मनातल्या मनात देवाला काहीतरी मागून राहिलो आहोत, आणि मागतो आहोत ते हे, की माझं यंत्र बिघडलेलं निघू दे. ज्या माणसाने आयुष्यात एक सैल जोड हातून जाऊ दिला नव्हता, तो स्वतःच्या हाताचं काम नासलेलं असावं म्हणून नवस बोलत होता.

डबा उघडला. आत कोरडं ठणठणीत. प्रत्येक जोड जसा दिला होता तसा. त्याने एकेक सुई तपासली, तार तपासली, सोबत आणलेल्या मीटरवर आकडे जुळवले. सगळं बरोबर होतं. नाल्याकडचे साग हिरवेगार उभे होते आणि त्यांच्या पोटात पाणी चढत नव्हतं. कामिनीचं खरं होतं.

सुशील खांबाला टेकून बसला. त्याला तिचा चेहरा दिसत होता, हे ऐकल्यावरचा. मॅडम तिच्या पाठीवर हात ठेवणार. ऋषिकेश लिहून घेणार. पेपरात पुन्हा फोटो. आणि घरी नूपुर विचारणार, आई, तुला कसं कळलं?

त्याने जुना डबा काढला आणि पिशवीत टाकला. पिशवीतला नवा डबा बसवला. नवा डबा लावला की मोजणी नव्याने सुरू होते. त्या दिवशीचं मंदावलेलं पाणीच त्याने झाडांचं नेहमीचं पाणी म्हणून नोंदवलं. आता आलेख सरळ येणार होता.

"ओल गेली होती आत," त्याने बैठकीत सांगितलं. "डबा बदलला."

पुढच्या आलेखात नाल्याकडची रेघ शांत, आडवी आली. मॅडम म्हणाल्या, "चला, बरं झालं, झाडं ठीक आहेत." कामिनी पडद्याकडे बघत राहिली. मग तिने मान खाली घातली.

त्या दिवसापासून कामिनी बैठकीत जपून बोलू लागली. काही दिसलं तरी आधी म्हणे, "माझी चूक असेल, पण..." आणि कधी कधी त्या "पण"च्या पुढे जातच नसे. घरी झाडांची बोलणी थांबली. एका सकाळी ती नुसतीच ओट्यापाशी उभी होती, तेव्हा सुशीलने चहा करून तिच्या हातात दिला.

"इतकं मनावर काहून घेतं? होते असं नवीन नवीन. शिकशील."

"मला खात्री होती हो," ती म्हणाली. "मी झाडांजवळ जायची तेव्हा मला वाटायचं... जाऊ द्या. पंधरा-सोळा वर्षं घरी बसलेल्या बाईने खात्री कशाची बाळगावी."

सुशीलला वाटलं होतं की आता बरं वाटेल. काही दिवस वाटलंही. मॅडम पुन्हा त्याला फोन करू लागल्या, घरात पुन्हा कारखान्याच्या गोष्टी निघू लागल्या. पण रोज सकाळी चहा देताना तिच्या चेहऱ्यावर ती खचलेली नजर दिसे, आणि ती आपणच आणलेली आहे हे त्याला आठवे. तो तिच्याशी फार गोड वागू लागला. इतका, की एकदा नूपुरने विचारलं, "बाबा, तुम्हाला काही झालंय का?"

नाल्याकडची रेघ पुढे पुन्हा उतरू लागली, पण उन्हाळ्यात सागाची पानं झडतातच आणि पाणीही कमी लागतं, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. पावसाळ्यात जंगल पुन्हा भरलं आणि नाल्याकडचे साग भरले नाहीत. शेंड्याची पानं पिवळी पडली, फांद्या वरून वाळत आल्या. आधी जेवढ्या झाडांचे आकडे उतरले होते, त्यांच्या दुप्पट झाडं आता अशी दिसत होती. ऋषिकेश म्हणाला, "ताई, हे अचानक कसं झालं?" आपण बारकाईने पाहिलं नाही म्हणून झालं, असंच कामिनीने धरलं.

त्याच महिन्यात ती आणि ऋषिकेश नवीन डबे आणायला बुटीबोरीला गेली. सुशील त्या दिवशी बॉयलरच्या कामाला दुसऱ्या कारखान्यात होता. तपासणीच्या टेबलावरचा गोलू, सुशीलचा बरोबरीचा सहकारी, मोठा बोलका माणूस. त्याने डबे बांधून दिले आणि वर आणखी एक ठेवला.

"हा पण घेऊन जा, वहिनी. सुशीलभाऊनं कधीचा इथं टाकून ठेवला होता. मी काल लावून पाह्यला, एकदम ओके आहे. आकडेही जुनेच्या जुने आहेत आत. काहून काढला काय माहीत."

डब्याच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने खूण होती, नाल्याकडच्या झाडांची. ती कामिनीनेच रंगवली होती.

रविवारी दुपारी नूपुर शिकवणीला गेल्यावर कामिनीने तो डबा आणून सुशीलच्या समोर ठेवला. तो जेवायला बसला होता.

"ह्यात ओल गेली होती ना?"

सुशीलचा हात ताटातच राहिला.

"बोला ना. ओल कुठे गेली होती, दाखवा मला."

"कामिनी, ऐक..."

"काहून केलं तुम्ही?"

त्याने काही सबबी तयार ठेवल्या होत्या. इतके महिने त्या घासून गुळगुळीत झाल्या होत्या. पण तिच्याकडे बघितल्यावर त्यातली एकही तोंडात येईना.

"मले कळलं होतं," तो म्हणाला, "तू बरोबर आहे."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती खाली बसली.

"मी चुकली असती तर तुम्ही खोटं बोलला नसता."

"नाही."

"अहो, मी वर्षभर स्वतःला मूर्ख समजून राहिली. तुम्ही मला चहा आणून देत होते आणि म्हणत होते, शिकशील." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर सुशीलला सोसलं असतं. "आणि ती झाडं वाळून राहिली होती."

"मले सहन नाही झालं," तो म्हणाला. "तू तिथं गेली अन् मी कोनीच नाही राहिलो. माह्याच यंत्रावर उभी राहून तू..."

"तुमच्या यंत्रामुळेच तर कळलं मला," ती म्हणाली. "तुमचं यंत्र खरं बोललं आणि तुम्ही त्यालाच खोटं पाडलं."

मग कामिनीने डबा उचलला, फडक्याने पुसला आणि त्याच्या ऑफिसच्या पिशवीत ठेवला.

"उद्या मॅडमना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. नवऱ्याची तक्रार घेऊन आलेली बाई नाही व्हायचं मला तिथे."

सुशीलने सांगितलं. भैरवी मॅडमच्या खोलीत, ऋषिकेश आणि कामिनीच्या देखत, उभ्या उभ्या. वाक्य संपलं तेव्हा तो आरडाओरड्याची वाट बघत होता. मॅडम एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आकडे खरे होते?" आणि त्या कामिनीकडे वळल्या. "तुझं म्हणणं मुळांचं होतं. कुठून उकरायचं ते दाखव, चल." तिघं जीपकडे धावलीच. रागवायलाही कोणी त्याच्यासाठी थांबलं नाही. स्वतःच्या गुन्ह्याची कबुली देतानाही त्याच्या मनात तो हेवा उसळला, आणि त्याची त्यालाच शिसारी आली.

मुळं उकरली तेव्हा त्यांच्यावर बुरशीचे पांढरे धागे पसरलेले मिळाले. नाल्यात गाळ साचून पाणी तुंबलं होतं, जमीन महिनोन् महिने ओली राहिली होती, आणि मुळं आतून कुजत होती. एका झाडाच्या मुळातून दुसऱ्याच्या मुळात रोग सरकत होता. वनखात्याने नाल्याचा गाळ काढला, आजारी झाडं तोडली आणि त्यांच्या भोवती खोल चर खणला, म्हणजे रोग पुढे जाऊ नये. चराच्या पलीकडची झाडं वाचली. अलीकडच्यांपैकी बरीच वर्षभरापूर्वी वाचली असती.

कंपनीने सुशीलला प्रकल्पातून काढून पुन्हा बॉयलरवर टाकलं. नोकरी राहिली, कारण त्याच्यासारखा हात दुसरा नव्हता. पण "सुशीलभाऊंना बोलवा" म्हणण्याआधी लोक आता थोडं थांबत. जंगलातल्या कामाची जबाबदारी कामिनीवर आली. तिने राहिलेल्या एमएस्सीचा अर्जही भरला.

घरात ती कामापुरतं बोलत असे. माहेरी गेली नाही, स्वतःच्या आईला काही सांगितलं नाही, पण सकाळचा चहा तिने स्वतःच्या हातात घेतला. सुशीलने केला तरी ती दुसरा करून प्यायची. दिवाळी अशीच गेली. थंडी सरत आली तेव्हा एकदा ती म्हणाली, "भाजी काय आणू?" त्याने सांगितलं, आणि तिने तीच आणली. एवढ्यावर तो आठवडाभर जगला.

हेवा मात्र गेला नाही. तो जाईल असं सुशीलला वाटलं होतं, जशी शिक्षा झाली की हिशेब मिटतो. तसं झालं नाही. ती बूट घालून जीपची वाट बघत उभी राहिली की हेवा पुन्हा वर यायचा. फरक एवढाच होता की आता त्याला त्याचं नाव माहीत होतं, आणि तसं झालं की तो हातातलं काम धरून ठेवायचा.

एका दुपारी तो कारखान्यात असताना फोन वाजला. कामिनी होती. मागे वाऱ्याचा आणि पानांचा आवाज येत होता, कोणीतरी हसत होतं.

"चराजवळ नवीन डबा लावलाय. सकाळी आकडे नीट येतात, दुपारी उड्या मारून राहिले. काय असेल?"

"ऊन पडते का खोडावर डायरेक्ट?"

"हो. आजूबाजूची झाडं तोडली ना. आता मोकळं झालंय."

"मग सुई उन्हानंच तापून राहिली," सुशील म्हणाला. "खोडाभोवती पांढरी चकचकीत पट्टी गुंडाळा. पण घट्ट नको, साल घासेल."

"थांबा, ऋषिकेशला सांगा. तो बांधेल."

फोन दुसऱ्या हातात गेला. तिकडे पुन्हा सगळे हसले, कामिनीही. ती कशाला हसली ते सुशीलला कळलं नाही. कोणी सांगणारही नव्हतं. त्याने बॉयलरच्या आवाजापासून दूर, भिंतीकडे तोंड केलं, आणि पट्टी किती रुंद घ्यायची, कुठून सुरू करायची, गाठ कुठल्या बाजूला द्यायची, हे ऋषिकेशला पहिल्यापासून शेवटपर्यंत, काहीही न लपवता सांगितलं.